पायांची तपासणी

माझी बायको हौसा गेली त्याला आता अकरा आठवडे झाले. घरात बोलायला कोणी उरलं नाही म्हणून म्हातारा लिहायला बसला, असं कोणाला वाटेल. तसं नाही. आमच्या खालच्या मजल्यावर एक मराठी जोडपं राहतं. तो इथे जर्मनीत विद्यापीठात डॉक्टरेट करतो. परवा त्याची बायको वर आली, हौसाच्या खुर्चीत बसली आणि रडायला लागली. नवऱ्याला टी.बी. निघालाय. डॉक्टरने घरी पडून राहायला सांगितलंय, तर हा तोंडावर मफलर गुंडाळून लॅबमध्ये जातो. पुण्याला आईबापाला कळवलेलं नाही, प्रोफेसरला सांगितलेलं नाही.

"काका, तुम्हाला झाला होता ना? तुम्हीच सांगा त्याला."

समोर गेलो असतो तर मी शिव्याच दिल्या असत्या. म्हणून लिहून देतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यातही चौथीत दोनदा बसलो. गोड लिहिता येत नाही. औषधाची माहिती यात नाही, ती डॉक्टरला विचार. आजारी पडल्यावर माणूस काय काय मूर्खपणा करतो, तेवढं मला पक्कं ठाऊक आहे.

मी कोण होतो

फौजेत मी पंधरा वर्षं काढली. शिपाई लागलो, नाईक होऊन सुटलो. शेवटी आमची पलटण कांगोला गेली होती. तिथे त्यांचीच माणसं आपसात लढत होती, आणि आम्ही युनोच्या निळ्या टोप्या घालून मध्ये उभे. एकदा पुढच्या नदीवरचा पूल उडवला गेला. गाड्या अलीकडेच राहिल्या. पलीकडे गावंच्या गावं अडकली होती, म्हणून हुकूम आला, पायी चला. चार दिवस चाललो. डोक्यापेक्षा उंच गवत, घराएवढी वारुळं, आणि लाल धूळ अशी की थुंकलं तर विटकरी थुंकी पडायची. समोरून माणसं पळून येत होती. एक बाई डोक्यावर शिवणयंत्र घेऊन चालली होती, एका हाताने पोर धरलेलं. आम्हाला बघून थांबली नाही, वळली नाही. ती बाई मला अजून दिसते.

माझ्या सेक्शनमध्ये नऊ माणसं. संध्याकाळी मुक्काम पडला की चहाच्या आधी एक काम असायचं. सगळ्यांनी बूट-मोजे काढून रांगेत पाय पसरून बसायचं, आणि नाईकाने एकेकाचे पाय हातात घेऊन तपासायचे. बोटांच्या बेचक्या, टाच, तळवा, सगळं. फोड असला तर सुईत दोरा ओवून आरपार काढायचा आणि दोरा तसाच ठेवायचा, म्हणजे पाणी निघून जातं आणि कातडी जागेवर राहते. रायफल घाण असली तर शिक्षा शिपायाला. पाय खराब निघाले तर शिव्या नाईकाला. जात नाही, पात नाही, नाईकाने पाय हातात घ्यायचेच.

तीन दिवस माझ्या सेक्शनचा एकही माणूस गळाला नाही. बाकीच्यांचे दोन-दोन, तीन-तीन मागे राहिले होते. सुभेदार साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "याला म्हणतात सेक्शन." माझी छाती अशी फुगली की शर्टाची बटणं तुटायची बाकी राहिली.

तिसऱ्या संध्याकाळी धोंडीने एकच पाय पुढे केला. आमच्याच बाजूच्या गावचा, दोन लेकरांचा बाप, हसरा गडी.

"दुसरा?"

"ठीक हाय उस्ताद. आत्ताच मोजा घातला."

मोजा सुजलेला दिसत होता. मला दिसला. आणि मी पुढच्या माणसाकडे गेलो. का गेलो? सकाळी मोजदाद होणार होती, आणि मला नऊचे नऊ हवे होते.

चौथ्या दिवशी आम्ही पोचलो. नऊही पोचलो. धोंडीचा मोजा कापून काढावा लागला. आत टाच सडली होती आणि काळं-निळं घोट्याच्या वर चढलं होतं. त्याला स्ट्रेचरवर घातला तेव्हा तापात मला विचारतो, "उस्ताद, आपलं कोण गळालं न्हाई ना?"

त्याचा पाय गेला. जीव वाचला. मला त्या मार्चबद्दल शाबासकी मिळाली. ती शाबासकी मी कोणाला दाखवली नाही. पण त्या नऊ माणसांचा अभिमान आहे, आजही आहे, धोंडीचा सगळ्यात जास्त.

रुमाल

फौज सुटल्यावर पुण्यात एका जर्मन इंजिनियरकडे ड्रायव्हर लागलो. हौसा त्यांच्या घरी मुलं सांभाळायची. साहेब परत निघाले तेव्हा आम्हा दोघांना घेऊन आले. ड्युसेलडॉर्फला त्यांच्या कारखान्याच्या गोदामात मला काम मिळालं. सासष्ट साल असेल. आम्हाला तेव्हा मूल नव्हतं.

दुसऱ्या हिवाळ्यात खोकला लागला. दिवस उतरला की ताप यायचा. मी म्हणायचो, थंडी आहे. वजन उतरलं, म्हटलं, इथलं जेवण मानवत नाही. मग थुंकीत रक्त दिसलं. मी रुमाल चुरगाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि क्रेट उचलायला गेलो. फौजेत सिक रिपोर्ट करणाऱ्याला, म्हणजे आजारी म्हणून नाव देणाऱ्याला, आम्ही कामचोर म्हणायचो. मी पंधरा वर्षांत तीनदा गेलो होतो, तेही उचलून नेलं म्हणून.

रुमाल मी स्वतः धुवायला लागलो. जन्मात कधी रुमाल न धुतलेला माणूस मोरीत उभा राहून रुमाल घासतोय म्हटल्यावर बायकोला संशय येणार नाही तर काय होईल!

"हे काय?"

"नाकातनं आलं."

"नाकातनं आल्यालं खोकल्यात कसं दिसतंय?"

"तुला काय कळतं? गप बस."

मला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी गोदामात काम करत होतो तर कारखान्याच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. जाऊन बघतो तर डॉक्टरच्या टेबलासमोर हौसा उभी. नऊवारी, वर साहेबांच्या बायकोचा जुना कोट, डोक्यावरून पदर. इथे एकटी घराबाहेर पडायचीही तिची ती पहिलीच वेळ. भाषा येत नाही, ट्रामचा नंबर वाचता येत नाही, म्हणून रुळांच्या कडेकडेने चालत आली होती. टेबलावर माझा रुमाल उलगडून ठेवलेला. ती मला म्हणाली, "रागावा. घरी गेल्यावर मारा पायजे तर. पर आता छाती दावा."

मी कधी मारलं नव्हतं. रागावलो मात्र खूप. लोकांसमोर माझी अब्रू गेली असं वाटलं.

फोटो काढला. डॉक्टरने तो उजेडाला धरला. वरच्या बाजूला पांढरं, कापूस चिकटल्यासारखं. साहेब स्वतः आले, मोडक्या हिंदीत सांगायला. मी अटेन्शनमध्ये उभा होतो.

"किती दिवस?" मी विचारलं.

"महिने," साहेब म्हणाले. "आठ. दहा. झोपून राहायचं."

"झोपून काय करायचं?"

"झोपायचं. तेच काम."

गोळी लागली असती तर मला कमी लागलं असतं. हौसाचीही छाती तपासली. तिची स्वच्छ निघाली. त्या दिवसातली चांगली गोष्ट तेवढी एक.

झोपण्याची ड्यूटी

मला डोंगरातल्या एका छातीच्या इस्पितळात पाठवलं. चोहीकडे काळ्या झाडांचं रान, खाली दरीत छोटं स्टेशन. खोलीत चार खाटा. सकाळी सहाला थर्मामीटर. तो तोंडात ठेवत नाहीत. कुठे ठेवतात ते मी लिहीत नाही, पण पहिल्या दिवशी श्वेस्टरला मी हात जोडले होते. इथे नर्सला श्वेस्टर म्हणतात. आमची श्वेस्टर आग्नेस, पांढरी टोपी होडीएवढी, आवाज हवालदाराचा. थुंकी टाकायला प्रत्येकाच्या खिशात झाकणाची निळी बाटली. नाश्ता, गोळ्या, सुई. आणि मग सकाळी दोन तास, दुपारी दोन तास बागेतल्या उघड्या पडवीत, बर्फ पडत असला तरी, दोन घोंगड्यांत गुंडाळून आडवं पडायचं. बोलायचं नाही. हलायचं नाही. याला म्हणे उपचार.

शेजारी कुर्ट. कोळशाच्या खाणीतला म्हातारा, दात चार. त्याचं बोलणं मला अर्धं कळायचं, बाकी हात करून सांगायचा. मला सोल्डाट म्हणायचा, म्हणजे सैनिक.

"सोल्डाट, तू कोणाशी लढलास?"

"कोणाशी नाही. मध्ये उभा राहिलो."

"गेनाऊ! अगदी बरोबर," कुर्ट म्हणाला. "मार मध्ये उभा राहणाऱ्यालाच बसतो."

भीती वाटायची का, असं कोणी विचारलं तर सांगतो, वाटायची. गोळीच्या वेळी भीती वाटायला फुरसत नसते. इथे तीच फुरसत भरपूर. शेजारच्या खोलीतला एक जण सोमवारी बुद्धिबळ खेळत होता, गुरुवारी त्याची गादी उन्हात टाकलेली दिसली. मी ठरवलं, हे माझं नाही. मी चालणारा माणूस. पडून राहिलो तर पडूनच राहीन.

मग मी माझाच उपचार सुरू केला. दुपारच्या आडवं पडण्याच्या वेळी घोंगडीखाली उशी ठेवायची आणि बॉयलरच्या खोलीमागे जायचं. तिथे एकशे वीस पावलांची जागा होती. जा, ये. जा, ये. खोकला आला तर रुमाल तोंडात कोंबायचा. कुर्टला वाटायचं मी विडी ओढायला जातो. तो डोळा मारायचा. रक्त आलं तर ते निळ्या बाटलीत न टाकता झाडाखाली. सकाळी श्वेस्टरची पाठ वळली की थर्मामीटर दोनदा झटकायचा. माझा तक्ता असा सुंदर दिसायला लागला की डॉक्टर खूश. आणि मी उतरत चाललो होतो. पँट दोरीने बांधायला लागलो.

माझा बेत ठरला होता. येत्या सोमवारी डॉक्टरसमोर उभं राहायचं, सांगायचं की बरा झालो, सही करतो, सोडा. सही केली तर ते अडवू शकत नव्हते. गेलो असतो तर उन्हाळा दिसला नसता, हे डॉक्टरने मला नंतर सांगितलं.

रविवार

हौसा दर रविवारी यायची. आगगाडीने खालच्या स्टेशनपर्यंत, तिथून बसने वर. डब्यात लसणाची चटणी आणि इथल्या काळ्या पिठाची भाकरी. ते पीठ हाताला डिंकासारखं चिकटतं. भाकरी कसली, खेटर व्हायचं. पण मी खायचो. कुर्टने एकदा चटणी चाखली आणि रडला. मग दर रविवारी मागायला लागला.

"बस मिळती का गं?"

"मिळती की. लई छान बस. गरम असती आतनं."

नवव्या का दहाव्या रविवारी ती आली, डबा ठेवला आणि खाटेच्या कडेला हळूच टेकली. जेवणं झाली. कुर्ट बोटं चाटत म्हणाला, "सोल्डाट, तुझ्या बायकोला विमान आणतं का रे वर? हिवाळ्यात रविवारी बस नसते."

मी हौसाकडे बघितलं. तिला भाषा येत नव्हती, पण 'बस' तेवढं कळलं. तिने पाय खाटेखाली ओढले.

नऊ किलोमीटरचा चढ. तेवढाच उतार. बर्फातून. घरमालकिणीने दिलेले मोठ्या मापाचे रबरी बूट घालून. नऊ-दहा रविवार.

"बूट काढ."

"कशापायी?"

"काढ म्हणतो ना."

"आवं, लोकं बघत्यात. काय न्हाई झालं. ठीक हाय."

ठीक हाय. तोच सूर. तोच सुजलेला मोजा. मी खाटेवरून उतरलो आणि सरळ जमिनीवर बसलो, तिच्या पायाशी. तिचा चेहरा पांढरा पडला.

"आवं उठा! तुमी माझं पाय धरता? पाप लागंल मला. उठा तुमाला माझी शपथ हाय!"

"मी तुझा नवरा नाही आत्ता. नाईक आहे. पाय पुढे कर."

तिने तोंडावर पदर घेतला. मी बूट ओढला. आत माझेच फौजेतले लोकरी मोजे, दोन-दोन घातलेले. टाचेला चिकटले होते. कुर्ट उठला, तोंड धुवायचं पत्र्याचं भांडं कोमट पाण्याने भरून माझ्याजवळ ठेवलं आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी मोजा भिजवून भिजवून काढला. दोन्ही टाचा फुटलेल्या, अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड. बायकोचे पाय लग्नाला चौदा वर्षं झाली तरी मी धड बघितले नव्हते. केवढे लहान होते! खालून कातडी मात्र शिपायाची.

श्वेस्टर आग्नेसकडून सुई-दोरा मागून घेतला. फोडातून दोरा काढला. हौसा हलली नाही. नऊ जणांतला एकही एवढा गप्प बसला नव्हता.

"आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतं व्हय?"

मी पट्टी बांधली. उठणार तर तिने पदर बाजूला केला, डोळे पुसले आणि म्हणाली, "आता तुमी दावा."

"काय?"

"तुमचं पाय. तुमी समद्यांचं बघता. तुमचं कोण बघणार?"

"माझ्या पायांना काय धाड भरलीय? मी तर पडून असतो."

"मग दावा की."

खोलीतले तिन्ही जर्मन बघत होते. मी सपाता काढल्या. तळव्याला वाळलेला चिखल, बोटांत झाडाची काटेरी पानं. आणि डाव्या टाचेवर ताजा फोड. तिने माझी टाच हातात धरली. बराच वेळ धरली.

"दहा आठवडं पाठीवर पडल्याल्या मानसाला टाचंला फोड येतो व्हय?"

एवढी साधी बाई, वाचता न येणारी, आणि डॉक्टरांना तक्त्यावर दिसलं नाही ते तिने टाचेवर वाचलं.

ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मी चालत आले ते तुमी पडून ऱ्हावं म्हणून. तुमी चालणार असला तर मी कशापायी चालू?" मग म्हणाली, "धोंडीभावजींचा मोजा तुमी काढला न्हाई म्हणून किती वर्षं कुढताय. माझ्या कपाळी तेच घालणार?"

धोंडीची गोष्ट मी फक्त तिला सांगितली होती.

मी उठलो. अनवाणीच दाराबाहेर गेलो. श्वेस्टर आग्नेस औषधांची गाडी लावत होती. मी तिच्यासमोर टाचा जुळवल्या आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं: थर्मामीटर खोटा. तक्ता खोटा. रक्त येतं, रोज. मी चालतो, रोज. मी आजारी आहे.

पंधरा वर्षं फौजेत आणि दोन वर्षं इथे, स्वतःच्या पायाने जाऊन केलेला माझा हा पहिला सिक रिपोर्ट. मला मिळालेल्या सगळ्या शाबासक्यांपेक्षा याचा अभिमान मला जास्त आहे. श्वेस्टर ओरडली, खूप ओरडली, हवालदारासारखी. मग म्हणाली, "आल्झो, बरं तर. आता खाटेवर." आणि माझ्या टाचेला स्वतः पट्टी बांधली.

उतार

पुढचं थोडक्यात. त्या दिवसापासून अकरा महिने पडलो. औषधं बदलली, पोट बिघडलं, कानात शिट्ट्या वाजल्या. मधे दोनदा वाटलं, संपलं. पण हललो नाही. पडून राहणं हीसुद्धा ड्यूटी आहे, आणि मार्चपेक्षा कठीण आहे, हे मी दोन्ही केलेला माणूस सांगतोय. कुर्टने आपल्या जावयाला सांगितलं. तो रविवारी दुधाची गाडी घेऊन वर यायचा, येताना हौसाला स्टेशनवरून घ्यायचा. कुर्ट स्वतः त्या डोंगरावरून उतरला नाही. शेवटच्या आठवड्यात गिळता येत नव्हतं, तरी चटणीचा डबा उशाशी ठेवायला लावला.

मला सोडलं त्या दिवशी डॉक्टरने विचारलं, काय पाहिजे? मी म्हटलं, खाली स्टेशनपर्यंत चालत जायची परवानगी. त्याने दिली. सामान दुधाच्या गाडीत टाकलं, आणि मी आणि हौसा निघालो. फौजेच्या हिशोबाने पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं बैठक. दर बैठकीला बूट काढून दोघांनी एकमेकांचे पाय बघितले. येणारे-जाणारे जर्मन बघून हसत होते. हसू देत.

दोघांपैकी कोणीही गळालं नाही.

शेवटची तपासणी

त्या दिवसापासून आमच्या घरात हा रिवाज झाला. रविवारी जेवणाआधी पाय. नंतर मुलगी झाली, विमल. तिला मराठी कळतं, बोलते जर्मन. लहानपणी तिला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं करतात.

हौसाला शेवटी हृदयाच्या दुखण्याने धरलं. इस्पितळात रोज सकाळी मी तिचे मोजे काढायचो, सूज बघायचो, तेल लावायचो. पाप लागंल असं ती आता म्हणत नव्हती. पाय आपोआप पुढे करायची. गेली त्या सकाळी नर्स चादर ओढायला आली तर मी म्हटलं, थांबा. विमलने विचारलं, "पापा, वास माख्स्ट डू?" काय करताय? बोटांच्या बेचक्या बघितल्या, टाच बघितली, तळवा बघितला. अंगठ्याखाली तो दोऱ्याचा जुना वण होता. बाकी एक ओरखडा नाही. एवढं चालून आलेली बाई, आणि पाय असे स्वच्छ. मी मोजे परत घातले आणि नर्सला म्हटलं, ठीक आहे.

आता रविवारी मी एकटाच खुर्चीत बसतो, मोजे काढतो आणि मोठ्याने म्हणतो, ठीक आहे. खरं बोलतोय की खोटं, बघायला कोणी नाही.

खालच्या मजल्यावरच्या पोरा, तुझं तसं नाही. तुझी बायको माझ्याकडे आली ते तुझी चहाडी करायला नाही. ती हौसासारखी रुळांच्या कडेकडेने चालत आलीय. आज रविवार आहे, लॅब बंद आहे. मफलर काढ, आईबापाला फोन लाव, प्रोफेसरला सांग आणि आडवा हो.

आधी तिच्यासमोर बस. मोजे काढ.